भुजंगमामांचे लाभार्थी

भुजंगमामांच्या दारावर दोनदा टकटक करायची सोय नव्हती. एकदा केली तर मामा आतून ‘थांबा’ म्हणत आणि उठून दार उघडत. दोनदा केली की आतून खणखणीत आवाज येई, “जाऊ द्या!” नवीन माणूस बिचारा खरंच निघून जाई. उभा जन्म एस.टी.त कंडक्टरकी केलेली. एक घंटी म्हणजे थांबा आणि दोन म्हणजे चला, हे त्यांच्या अंगात इतकं भिनलं होतं की ते कानानं ऐकत आणि डोक्याला न विचारता तोंडानं बोलत. आमची शाळा तपासायला आलेले एक साहेब मामांकडे चहाला गेले, दोनदा कडी वाजवली आणि तोंड पाडून परत आले. पुढे भेटले की मला विचारत, “गुरुजी, त्या गृहस्थांचा माझ्यावर राग कशाबद्दल हो?”

मी त्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर गुरुजी होतो. गाव घनसावंगी तालुक्यातलं, कुंभार पिंपळगावच्या बाजूचं. भुजंगराव तिथं कुणाचेच सख्खे मामा नव्हते, पण म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून पोरांपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत. खुद्द त्यांच्या सासूबाईही एकदा चुकून ‘मामा’ म्हणाल्या होत्या.

मामांचा आवाज भरल्या गाडीत शेवटच्या बाकापर्यंत पोचवायच्या सवयीचा. हळू बोलणं त्यांना जमतच नसे. लग्नाच्या पंगतीत ते वाढप्याला जागा करून देत, “पुढं सरका, पुढं रिकामी जागा हाय!” इथपर्यंत ठीक होतं. पण एकदा गावातल्या एका म्हातारबांच्या अंत्ययात्रेत, गल्ली अरुंद म्हणून लोक तुंबले, तर मामा मागून ओरडले, “चला चला, पुढं सरका, समद्यांना जायचंय!” रडणारी माणसं धोतराचा सोगा तोंडात कोंबून हसली. मामांना लोक का हसतात ते शेवटपर्यंत कळलं नाही. आणि अडचणीचा प्रश्न आला की त्यांचं एकच उत्तर असे, “उतरताना सांगतो.”

निवृत्त होऊन गावी आले तेव्हा मामांना धक्का बसला तो ओढ्याचा. गावाच्या मागून जाणाऱ्या या ओढ्यात ते लहानपणी पोहायला शिकले होते. आता पाऊस पडला की घटकाभर लाल पाणी धाडधाड वाहून जाई आणि मग पुन्हा कोरडी वाळू, वेडी बाभूळ, फाटक्या चपला आणि खताची रिकामी पोती. मामा रोज सकाळी काठावर जाऊन उभे राहत. एखादी गाडी वेळेवर न आल्यासारखे ते वरच्या माळाकडे बघत.

एके दिवशी मला म्हणाले, “गुरुजी, आपल्या ओढ्याचं पाणी विनाथांबा झालंय बगा. माळावर बसतं अन् थेट गोदावरीत उतरतं. मधल्या कोणत्याच थांब्यावर थांबून न्हाई राह्यलं. मंग चढणार कोण? आपल्याला ही गाडी साधी करायचीय. जागोजाग थांबा. झाडाला पाणी, बेडकाला पाणी, हिरीला पाणी.”

“पण थांबवायचं कसं मामा?”

“ते उतरताना सांगतो.”

त्यांना स्वतःलाही ते माहीत नव्हतं. माहीत एवढंच होतं की त्याला पैसा लागतो. दगडाचे बांध घालायचे, माळावर चर खणायचे, काठाला करंज, उंबर, निरगुडी लावायची, आणि हे सगळं फुकटात होत नाही.

आमचे सरपंच रंगनाथराव यांच्या मनात मात्र वेगळंच होतं. गावाजवळचा ओढ्याचा भाग मुरूम टाकून बुजवायचा आणि तिथं आठवडी बाजार भरवायचा. आपलं गाव कुंभार पिंपळगावच्या तोडीचं झालं पाहिजे, हा त्यांचा ध्यास. ग्रामसभेत मामांनी विरोध केला. त्यांचा विरोध शेजारच्या गावातही ऐकू गेला असणार. शेवटी सरपंच वैतागून म्हणाले, “बराबर हाय मामा. दिवाळीपर्यंत कुठून बी पैसा आणा. आला तर ओढा तुमचा. न्हाई आला तर मी मुरूम टाकून राह्यलो. मंग मधी यायचं बिलकुल न्हाई.”

सभा खो खो हसली. मामांनी समोरच्या बाकावर दोनदा टकटक केली. म्हणजे मंजूर.

त्या दिवसापासून मामांच्या जालन्याच्या वाऱ्या सुरू झाल्या. मामी म्हणायच्या, “आता रिटायर होऊन बी रोज ड्युटीवर. पयले पगार तरी मिळत व्हता.” मामा सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून निघत आणि एकेका ऑफिसात जात. पण तिथं त्यांची एक खोड आडवी येई. लोकांची गर्दी बघितली की मामा स्वतःचं काम विसरून रांग लावायला सुरुवात करत. म्हाताऱ्यांना पुढे, बायकांना बाजूला, दारात उभं राहणाऱ्याला आत. रांग अशी झकास लागे की काम भराभर होई, आणि मामा स्वतः शेवटी राहत. त्यांचा नंबर आला की साहेब जेवायला उठत.

जिथं गाठ पडली तिथंही कथा एकेक. माशांच्या ऑफिसात विचारलं, “ओढ्यात मासे आहेत का?” मामा म्हणाले, “पाणी आलं की येतील.” साहेब म्हणाले, “मग मासे आल्यावर या.” झाडांच्या ऑफिसात सांगितलं की ओढा वनात नाही, सबब काही करता येत नाही. मामा म्हणाले, “ओढा वनात नसंल सायेब, पर वन ओढ्यात हाय.” आणि वेडी बाभूळ किती माजली आहे ते त्यांनी हात फाकून दाखवलं. एका पुढाऱ्यानं ओढ्यावर सभामंडप द्यायची तयारी दाखवली. बियाण्याच्या एका व्यापाऱ्यानं वडिलांच्या नावाची सिमेंटची कमान देऊ केली. आष्टीच्या एका भाविकानं ओढ्याकाठी कुठला तरी देव बसवा, मग बघू, असं सुचवलं.

“गुरुजी,” मामा घामाघूम होऊन ओट्यावर बसत म्हणाले, “ओढ्यावर द्यायला समदे तयार हायत. ओढ्यात कोणीच देऊन न्हाई राह्यलं.”

मला त्यांची दया आली. त्याच आठवड्यात पेपरात एक लहानसा मजकूर माझ्या वाचनात आला. पुण्याची एक संस्था गावोगावचे ओढे-नाले पुन्हा जिवंत करायला मदत देणार होती आणि अर्ज मागवत होती. मी मामांना दाखवला. त्यांनी तो इतक्या मोठ्यानं वाचला की माझी चौथीची पोरं पाढे थांबवून ऐकायला लागली.

अर्ज आला. त्यात एक प्रश्न होता : ‘लाभार्थी कोण? नावे लिहा.’

“गुरुजी, लाभार्थी म्हंजे कोण?”

“ज्याला फायदा होतो तो, मामा.”

एवढंच मी सांगितलं आणि शाळेची घंटा झाली म्हणून निघून गेलो. मामा विचार करत बसले. ओढ्याला पाणी आलं तर फायदा कुणाला? गावातल्या लोकांनी तर ओढ्याकडे पाठ फिरवलेली. त्यांच्याकडे हातपंप होते, विहिरी होत्या. मामांनी फार प्रामाणिकपणे विचार केला आणि अर्ज घेऊन कुंभार पिंपळगावच्या टायपिंगवाल्याकडे गेले. समोर बसून, नेहमीच्या आवाजात, त्यांनी नावं सांगितली : कोल्हे, लांडगे, हरणे, डुकरे, मुंगसे, ससाणे, पारवे, बगळे, सरडे, खेकडे. टायपिंगवाला मोठा चोख माणूस. मामा शेवटी ‘मोर’ आणि ‘घोरपड’ म्हणाले, तेव्हा त्याला वाटलं म्हाताऱ्याची जीभ अडखळली. त्यानं आपण होऊन ‘मोरे’ आणि ‘घोरपडे’ करून टाकलं. वर शुद्धलेखनाबद्दल मामांकडून चहा घेतला.

अर्ज पुण्याला गेला. दसरा होऊन गेला तरी काही उत्तर नाही. सरपंचांनी मुरमाच्या ट्रॉल्या आणायला सुरुवात केली आणि ओढ्याच्या काठावर लाल ढीग दिसू लागले. मामांचा आवाज त्या दिवसांत प्रथमच खाली आला. मामी मला म्हणाल्या, “गुरुजी, ह्ये घरात हळू बोलून राह्यले. डाक्टरला दाखवावं का?”

आणि एका सकाळी शाळेसमोर जीप थांबली. खांद्याला झोळी लावलेल्या एक तरुण बाई उतरल्या. पुण्याच्या संस्थेकडून पाहणीला आल्या होत्या. मी त्यांना माझी खुर्ची दिली. त्यांनी अर्ज काढला.

“गुरुजी, आधी कोल्हे कुटुंबाला भेटू. मग लांडगे, मग घोरपडे. हरणे मंडळी लांब राहत असतील तर त्यांना इथंच बोलावून घ्या.”

मी शाळेचा सगळा हजेरीपट डोळ्यांसमोरून फिरवला. कोल्हा एकही नव्हता. जीप बघून तोवर सरपंच आणि चारदोन मंडळी आलीच होती. सरपंच डोकं खाजवत म्हणाले, “कोल्हे न्हाईत आमच्यात. डुकरे व्हते एक, ते आष्टीला गेले. मोरे हायत, पर ते वरच्या आळीला. त्यांचा अन् ओढ्याचा काय संबंध न्हाई.”

“मग अवघड आहे,” बाई म्हणाल्या. “लाभार्थी प्रत्यक्ष बघितल्याशिवाय निधी मंजूर होत नाही.”

‘निधी’ आणि ‘मंजूर’ हे दोन शब्द कानावर पडताच सरपंचांचा चेहरा पालटला. मामा खरंच पैसा आणतील असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं. त्यांनी टोपी सारखी केली, हात जोडले आणि म्हणाले, “लांडगे मीच.”

मी थक्क झालो. त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या एका गड्याला दंडाला धरून पुढे ओढलं. “अन् हे कोल्हे.”

“म्या काऊन कोल्हा?” तो गडी बिचकून म्हणाला.

“गप ऱ्हाय,” लांडगे म्हणाले.

एवढ्यात मामा धावत आले. त्यांना कुणीतरी बातमी पोचवली होती. अर्जातली नावं आणि समोरचे लोक बघून त्यांना झाला प्रकार उमगला.

“बाईसाहेब, काईतरी गफलत होऊन राह्यली. ते कोल्हे, लांडगे… ती माणसं न्हाईत. जनावरं हायत!”

बाई ताडकन उठल्या. “कुणाहीबद्दल असं बोलायचं नाही! वय झालं म्हणून काहीही बोलाल का?”

“आवो, पर जनावरंच हायत!”

“मामा, जरा दमानं,” सरपंच म्हणाले. लांडगे या नात्यानं त्यांना ते लागलं होतं.

“लांडगे कोंबड्या पळवतात बाईसाहेब.”

“हा आरोप झाला. पुरावा आहे?”

“मह्या घरच्या नेल्या की!”

बाईंनी सरपंचांकडे बघितलं. “म्या न्हाई नेल्या,” सरपंच कळवळून म्हणाले.

बाई पुन्हा खाली बसल्या. मामांचा राग त्यांनी बाजूला ठेवला आणि वही उघडली. त्यांचा स्वरही आता मऊ झाला. “हे बघा, अशाच लोकांसाठी आमची योजना असते. राहतात कुठं ते?”

“माळाला. बिळात.”

बाईंनी ते लिहून घेतलं आणि सरपंचांचं कडक खळीचं धोतर वरून खाली न्याहाळलं. “तुम्ही बिळात राहता?”

सरपंच क्षणभर घुटमळले. पण निधी डोळ्यांसमोर होता.

“उन्हाळ्यापुरतं,” ते म्हणाले.

मी फळ्याकडे तोंड करून उभा राहिलो. मला दुसरं काही सुचेना.

“आणि पाणी कुठलं पितात?”

हा प्रश्न आला आणि मामांचा आवाज एकदम उतरला. “पाणीच तर न्हाई. पयले ओढ्यावर यायचे. आता उन्हाळ्यात गावात येतात हौदाला तोंड लावायला, अन् लोक दगडं मारतात. मागल्या साली एक लेकरू हौदात पडून मेलं. वर निघता आलं न्हाई त्याला. रातभर कोणी बघितलं न्हाई.”

बाईंचं पेन थांबलं. त्यांचे डोळे भरले होते. “आणि कुणी काहीच केलं नाही? पोलिसांत कळवलं का?”

“मी काढलं बाहेर. ओढ्यात नेऊन पुरलं. पोलिसांत काय सांगू बाईसाहेब? कोल्ह्याचं पिल्लू व्हतं. येवढं.” मामांनी हातानं आकार दाखवला. मग दुसऱ्या हातानं शेपटी दाखवली.

बाईंनी अर्ज पुन्हा उचलला. “कोल्हे… मुंगसे… सरडे… खेकडे…” त्या एकेक नाव पुटपुटत गेल्या. मग त्यांनी सावकाश मान वर केली आणि सरपंचांकडे बोट केलं.

“मग हे कोण?”

“हे सरपंच,” मामा म्हणाले. “हे माणसातले.”

सरपंचांनी मामांना दंडाला धरून दाराबाहेर नेलं आणि दातओठ खाल्ले. “गप बसले असते तर पैसा आल्ता की घरात चालून!” मामांना कुजबुजता येत नसल्यामुळे त्यांचं उत्तर सगळ्या शाळेनं ऐकलं. “बिगरतिकिटाचा माणूस म्या कव्हा गाडीत घेतला न्हाई रंगनाथराव. आता कोल्ह्याच्या तिकिटावर तुमाला कसा बसवू?”

मग ते आत आले, हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, “चुकी झाली बाईसाहेब. जल्दी सांगून टाका. आमचा ओढा गेला का?”

इतकी वर्षं मी त्या माणसाला हसलो होतो, पण त्या क्षणी मला हसू आलं नाही. काठावर मुरमाचे ढीग पडलेले, दिवाळी तोंडावर, आणि दुसरीकडे कुठं जायचं राहिलेलं नाही. बाईंनी अर्ज मिटून झोळीत ठेवला. “मला ओढा दाखवा,” एवढंच म्हणाल्या.

ओढ्यात दाखवण्यासारखं काही नव्हतं. मामा पुढे, मागे आम्ही. एका वळणावर करंजाच्या मुळाशी वाळू जरा ओलसर होती आणि तिथं लहान लहान खड्डे उकरलेले दिसत होते. भोवती पंज्यांचे ठसे होते. जनावरांनी पाण्यासाठी वाळू उकरली होती. एका खड्ड्याच्या तळाशी ओंजळभर पाणी जमलं होतं. बाई उकिडव्या बसून ते बघत राहिल्या. तेवढ्यात दगडांमधून एक घोरपड सुळकन निघाली आणि सगळ्यांच्या देखत पलीकडे गेली.

“घोरपडे,” मामा सवयीनं म्हणाले.

बाई हसायला लागल्या त्या थांबेचनात. वाळूत बसकण मारून, झोळी मांडीवर घेऊन त्या हसल्या. डोळे पुसत म्हणाल्या, “मामा, माणसांच्या योजनेत हे बसत नाही. पण रानातल्या जनावरांसाठी, त्यांच्या पाण्यासाठी आमच्याकडे वेगळा निधी आहे. तो तसाच पडून राहतो. लोक त्यातसुद्धा माणसंच घालतात. तुमचा पहिलाच अर्ज असा, की ज्यात खरोखर जनावरं आहेत.”

मामांनी माझा हात घट्ट धरला.

“फक्त एक अट,” बाई उठत म्हणाल्या. “हा मुरूम इथून उचलला पाहिजे. ग्रामसभेचा तसा ठराव लागेल.”

सगळ्यांच्या नजरा सरपंचांकडे वळल्या. त्यांनी आभाळाकडे बघितलं, मुरमाकडे बघितलं.

“लांडगे काय म्हणतात?” बाईंनी विचारलं.

सरपंचांच्या मिशा हलल्या. शेवटी त्यांनाही हसू फुटलं. “लांडग्यांची हरकत न्हाई,” ते म्हणाले.

निधी आला. माळावर चर झाले, ओढ्यात जागोजाग दगडाचे बांध पडले, वेडी बाभूळ निघाली. श्रमदानाला मामा शिट्टी घेऊन उभे असत. पाटी भरली की एक शिट्टी, उचलली की दोन. काठाला रोपं लावली तेव्हा शेळ्या राखणाऱ्या मंडळींशी त्यांची रोज भांडणं झाली आणि रोज संध्याकाळी तीच मंडळी त्यांच्या ओट्यावर चहाला बसली. गावात रंगनाथरावांना लोक तोंडावर सरपंच आणि पाठीमागे लांडगे म्हणू लागले. मुरूम मात्र वाया गेला नाही, तो शाळेच्या अंगणात पसरला. बाजार काही भरला नाही.

पुढे माझी बदली भोकरदन तालुक्यात केदारखेड्याला झाली. त्यानंतर मामा मला दिसले नाहीत, गेल्याचीच बातमी आली, आणि ती ऐकून मी त्या दिवशी शाळेला सुट्टी दिली. म्हणून बदलीच्या गावी निघताना त्यांना भेटायला गेलो होतो तेच माझं शेवटचं भेटणं.

भर चैत्रातली दुपार. मामी म्हणाल्या, “ओढ्यावर हायत. आता जेवायला बी तिकडंच डबा द्यावा म्हंते.” मी गेलो. करंजाच्या वळणावर चक्क पाणी होतं. कमरेइतकं, हिरवट, गार. आणि त्यात सरपंच रंगनाथराव लंगोटी लावून, अंगभर साबणाचा फेस करून आंघोळीला बसले होते.

काठावरून मामा गरजत होते, “साबण न्हाई! ओढ्यात साबण बिलकुल न्हाई चालत! बेडकं मरतात!”

“आवो मामा, येवढ्यानं काय व्हतंय?”

“बाहेर निघा आधी!”

“फेस तरी धुऊ द्या!”

मामा धोतर सावरत पाण्यात शिरले. सरपंचांच्या हातातला साबण ओढून घेतला, काठावर भिरकावला, आणि त्या झटापटीत पाय घसरून धबकन त्यांच्या शेजारीच बसले. दोघंही छातीपर्यंत पाण्यात. कडेचे दोन बगळे उडाले आणि जरा पुढे जाऊन पुन्हा उतरले. मी काठावर पोटभर हसलो. पण ते दोघं काही उठेनात. पाणी फार गार होतं आणि ऊन फार कडक होतं.

बऱ्याच वेळानं सरपंच म्हणाले, “मामा, हितं मुरूम टाकला असता तर वो?”

मामांनी त्यांच्याकडे एकदा नीट बघितलं.

“तर आज तुमी भर बाजारात लंगोटीवर बसले असते,” ते म्हणाले.